पिकअपच्या हौद्यातला माणूस विम्यात का नाही?

अक्राणी (धडगाव) तालुक्यात माणसे मालवाहू गाडीतून प्रवास करतात, ती हौस म्हणून नव्हे. पाड्यापर्यंत एस.टी. पोहोचत नाही, बाजार, दवाखाना, यात्रा आणि ऊसतोड मात्र चुकत नाही. जानेवारी 2021 मध्ये तोरणमाळजवळच्या खडकी घाटात मजुरांची जीप दरीत कोसळली. ऑक्टोबर 2025 मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात उलटली. दोन्ही वेळी किमान सहा जीव गेले. अशा वेळी शोकसंदेश येतात. पण दवाखान्याचा खर्च आणि कमावत्या माणसाची भरपाई कोणाकडे मागायची, हे कोणी सांगत नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. मात्र मालवाहू गाडीत बसवलेला प्रवासी या सक्तीच्या विम्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2004 च्या बलजित कौर प्रकरणात म्हटले. म्हणजे गाडीचे कागद चोख असले तरी हौद्यातल्या माणसासाठी ती बिनविम्याचीच! पण त्याच निकालात, आणि पुन्हा 2017 मध्ये, न्यायालयाने विमा कंपनीला सांगितले : आधी पीडितांना पैसे द्या, मग मालकाकडून वसूल करा. हा आदेश आपल्या वकिलाने आग्रहाने मागावा लागतो.

गाडीला विमाच नसेल तर? मालक म्हणतो, माझ्याकडे या गाडीशिवाय आहे काय! मग ती गाडीच धरून ठेवली पाहिजे. पुरेसे तारण दिल्याशिवाय बिनविम्याची अपघातग्रस्त गाडी सोडू नये, तीन महिन्यांनी लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात भरावी, असे नियम करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यांना बजावले. गाडी सुटली की मालकही सुटतो. म्हणून गाडी सोडण्याच्या अर्जाला पहिल्याच तारखेला हरकत घ्यावी. अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी वकील मोफत मिळतो. 1987 च्या विधी सेवा कायद्यात उत्पन्नाची अट त्यांना नाही. निवाडा झाल्यावर मालकाने पैसे दिले नाहीत, तर जिल्हाधिकारी ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. ज्या वसुलीला आमचा शेतकरी भितो, ती एकदा त्याच्या बाजूनेही वापरली जावी.

प्रत्यक्षात पंच बसतात, मातीच्या खर्चापुरते पैसे देऊन अंगठा घेतला जातो आणि पुढचे शिक्षण, पुढची पेरणी विधवेच्या डोक्यावर पडते. या कागदावर अंगठा देऊ नये. उचल घेतल्याची मुकादमाची चिठ्ठी, जॉबकार्ड जपून ठेवावे. मिळकतीचा पुरावा तोच. अपघात गुजरातेत झाला तरी दावा आपल्या जिल्ह्यात दाखल करता येतो. जखमींसाठी मे 2025 पासून नियुक्त रुग्णालयात सात दिवस, दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचारांची योजना आहे. गाडी बिनविम्याची असेल तर तो खर्च शासकीय निधीतून होतो.

1 एप्रिल 2022 पासून दाव्याला सहा महिन्यांची मुदत लागली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. याच दुरुस्तीने पोलिसांवरही बंधन घातले : तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा, आणि तोच दावा मानला जाऊ शकतो. आपल्या पोलीस ठाण्याने असे किती अहवाल पाठवले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.