उबुंटूमध्ये अपडेट येतं कुठून?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, संगणकावर उबुंटू असेल तर 'सॉफ्टवेअर अपडेटर' जे दाखवतो ते आपण डोळे झाकून इन्स्टॉल करतो. ते येतं रिपॉझिटरीतून, म्हणजे इंटरनेटवरच्या सॉफ्टवेअरच्या कोठारातून. एखादं ॲप हवं म्हणून आपण बाहेरचं पीपीए जोडतो, ते दुसरं कोठार. आता गंमत बघा. उबुंटूच्या मूळ कोठाराला प्राधान्य ५००, आणि या पाहुण्यालाही ५००च! गुण समान असले की ज्याची आवृत्ती नवी, तो जिंकतो. म्हणजे आणायला गेलो एक ॲप, आणि पुढच्या अपडेटला पाहुण्याने इतर पॅकेजंही बदलून टाकली, असं होऊ शकतं. ऑनलाइन चाचणीच्या आदल्या दिवशी शाळेच्या लॅबमध्ये हे परवडेल का?

उपाय आहे. ॲप्टच्या 'प्रेफरन्सेस डॉट डी' फोल्डरमध्ये छोटी फाइल करून त्या पीपीएला ४०० द्या. मग दोन्हीकडे असलेलं पॅकेज उबुंटूकडून येतं, आणि फक्त पाहुण्याकडे असलेलं ॲप त्याच्याकडूनच अपडेट होत राहतं. १००० च्या वरचा आकडा मात्र उगाच देऊ नका. त्याने नवी आवृत्ती काढून जुनीही बसवली जाते. आणि हो, टर्मिनलमध्ये 'ॲप्ट पॉलिसी' लिहून पुढे पॅकेजचं नाव दिलं, की प्रत्येक कोठाराचा आकडा समोर दिसतो.