अंगणांतील डांस आणि परसांतील गोचीड

संस्कृत कोशांत 'मशक' शब्दाचे जे अर्थ दिलेले आहेत, त्यांत एक डांस हा असून दुसरा पाणी भरून ठेवण्याची कातडी पिशवी हा आहे. तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकवीत असतां ह्या योगायोगाचें आम्हांस कौतुक वाटे व मुलांस हंसविण्यासाठीं आम्ही तो सांगतही असूं. त्यांतील मर्म मात्र आमच्या ध्यानांत आलें तें सेवानिवृत्तीनंतर, दोन वर्षांपूर्वींच्या भाद्रपदांत, आमची नऊ वर्षांची नात तापानें अंथरुणास खिळली तेव्हां.

ताप तीन दिवस १०३ अंशांच्या खालीं उतरेना. डोळ्यांच्या मागें ठणका, पाठींत वेदना, अन्नाचा तिटकारा. रक्ततपासणींत डेंगू ठरला. चौथ्या दिवशीं ताप गेला आणि घरांतील सर्वांस हायसें वाटलें. परंतु डॉक्टरांनीं बजाविलें कीं, ह्या आजारांत ताप उतरल्यावरचे दोन दिवसच अधिक जपण्याचे असतात. त्या अवधींत पोट दुखूं लागलें, वांत्या थांबेनात, हिरड्यांतून वा नाकांतून रक्त आलें, किंवा मूल मलूल होऊन पडलें, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. आमच्या नातीचें पोट त्याच रात्रीं दुखूं लागलें. तिला पांच दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें, आणि रक्तांतील बिंबिका उतरत गेल्या त्या दोन रात्रीं घरांत कोणाचाही डोळा लागला नाहीं. एक गोष्ट येथेंच सांगून ठेवतों. अंगदुखीवर घरांतील ॲस्पिरिनची गोळी द्यावी असें धाकट्या वहिनींच्या मनांत होतें. त्या गोळीनें रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून अशा तापांत ती किंवा इबुप्रोफेन देऊं नये. पॅरासिटमॉल तेवढें, तेंही डॉक्टर सांगतील त्या प्रमाणांत, चालतें.

मुलगी घरीं आल्यावर आरोग्य खात्याची एक सेविका घर पाहावयास आली. आम्हीं तिला मोठ्या अभिमानानें अंगण दाखविलें. रोजचा सडा, रोजची झाडलोट, दिवेलागणीस कडुनिंबाच्या पाल्याची धुरी. आणखी काय पाहिजे? तिनें कांहीं न बोलतां विजेरीचा झोत परसांतील दगडी उखळांत टाकला. हें उखळ आमच्या मातोश्रींचें. आतां तें कोणी वापरीत नाहीं, पण टाकवतही नाहीं. त्यांत पावसाचें थोडें पाणी सांचलें होतें आणि त्या पाण्यांत अळ्या वळवळत होत्या. न्हाणीघरांतील पिंपाची तीच कथा, कूलरच्या टाकीचीही तीच. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्याकडे डांस बाहेरून येत नाहींत, इथूनच बाहेर जातात." जन्मभर दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या मनुष्यास हें ऐकून घेणें जड गेलें.

परंतु तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. डेंगूचा डांस गटारांतला नव्हे. काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डांस स्वच्छ, सांठविलेल्या पाण्यांत वाढतो, दिवसाढवळ्या चावतो, विशेषतः सकाळीं व तिसऱ्या प्रहरानंतर. आणि जन्मस्थानापासून शेंदोनशें पावलांपलीकडे सहसा जात नाहीं. म्हणजे आपल्या मुलास चावणारा डांस आपल्या किंवा शेजाऱ्याच्याच घरचा. रात्रीं कानाशीं गुणगुणणारा, गटाराच्या पाण्यांत वाढणारा व हत्तीरोग पसरविणारा डांस निराळा. आणि १८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्यांनीं ज्याच्या पोटांत हिंवतापाचे जंतू पाहिले तो तिसराच. ह्या तिसऱ्याची अळी पाण्याच्या पृष्ठाशीं आडवी पडून असते, बाकीच्यांच्या अळ्या डोकें खालीं करून तिरप्या लोंबतात. कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन उजेडांत धरल्यास शाळकरी मुलासही हा भेद दिसतो. आमच्या नातवंडांना आतां तो छंदच लागला आहे.

आतां खानदेशाची अडचण ध्यानांत घ्या. जळगांवास वाघूर धरणाचें पाणी, धुळ्यास तापीचें व नकाणे तलावाचें. पण नळ रोज येईल असा भरंवसा ह्या दोन्ही गांवांनीं कित्येक वर्षें अनुभवलेला नाहीं. आमच्या सूनबाईंचें माहेर धुळ्याचें. तिच्या लहानपणीं पाणी यावयाच्या दिवशीं घरांतलीं सर्व माणसें कामाला लागत, आणि हंडे, कळशा, पिंपें, हौद, फार काय परातीही भरून ठेवल्या जात. अशा घरास 'सांठविलेलें पाणी ओतून द्या' असें सांगणारा मनुष्य ज्याच्याकडे रोज नळ येतो असाच असला पाहिजे. डांसाच्या अंड्यापासून उडता डांस होण्यास उष्ण दिवसांत सात ते दहा दिवस पुरतात. आमच्या सांठवणीची मुदत कधींकधीं नेमकी तितकीच भरते.

त्यावर आमच्या घरीं जी तोड निघाली ती सूनबाईंची, आमची नव्हे. पाणी यावयाच्या आदल्या संध्याकाळीं उरलेलें पाणी फडक्यांतून गाळून धुण्याभांड्यांस घ्यावयाचें, तळचें झाडांच्या मुळाशीं ओतावयाचें. कोरड्या मातींत अळ्या जगत नाहींत. नंतर प्रत्येक भांडें आंतून काथ्यानें व राखेनें खसखसून घासावयाचें. हें घासणेंच मुख्य. हा डांस अंडीं पाण्यांत सोडीत नाहीं. पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, भांड्याच्या भिंतीस चिकटवितो, व तीं अंडीं कोरडींही कित्येक महिने टिकून पुन्हां पाणी लागतांच फुटतात. नुसतें विसळलेलें भांडें म्हणूनच धुतलेलें भांडें नव्हे. भरल्यावर तोंडास जुन्या धोतराचें फडकें ताणून, मध्यें झोळ न पडेल असें बांधावें. जो हौद उपसतां येत नाहीं त्यांत गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात. सोवळ्याच्या पाण्यांत मासे कसे चालतील, असा प्रश्न आमच्या घरीं निघाला होता. अळ्या चालत होत्या, एवढेंच उत्तर आम्हीं दिलें.

धुरीसंबंधीं आमचा भ्रम आतां फिटला आहे. कडुनिंबाच्या धुरानें डांस घटकाभर दूर होतात, मरत नाहींत. आणि दम्याच्या माणसास तो धूर बाधतो. औषधांच्या फवाऱ्याचीही मर्यादा आहे. १९५३ सालीं देशांत हिंवतापाविरुद्ध डी.डी.टी.ची मोहीम निघाली. वर्षाला साडेसात कोटी रुग्णांचा अंदाज होता तो १९६५ च्या सुमारास एक लाखावर आला, आणि १९७६ सालीं तोच आंकडा पुन्हां चौसष्ट लाखांवर गेला. ढिलाई झाली आणि डांस त्या औषधास सरावले, अशीं दोन्ही कारणें त्यामागें होतीं. घरांत डेंगूचा रुग्ण असेल तर त्यास दिवसाही मच्छरदाणींत ठेवावें. नाहींतर त्यास चावलेला डांस घरांतल्या इतरांस तोच ताप देतो.

परसांत गाय किंवा कुत्रा असेल तर गोचिडांकडेही पाहिलें पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्यें महाराष्ट्रांत लंपी त्वचारोगाच्या त्या वर्षींच्या साथीचें पहिलें जनावर आढळलें तें आमच्याच जिल्ह्यांत, रावेर तालुक्यांतील चिनावल येथें. चावणाऱ्या माश्या, डांस व गोचीड त्याचा प्रसार करतात. तो मनुष्यास होत नाहीं. पण अंगभर गांठी आलेली गाय दावणीस पाहणें किती क्लेशकारक, हें ज्यांनीं पाहिलें तेच जाणोत. रक्त पिऊन फुगलेली गोचिडाची मादी जनावराच्या अंगावरून गळून भेगेंत शिरते व तेथें हजारों अंडीं घालून मरते. म्हणून केवळ गाईस औषध लावून भागत नाहीं. गोठ्याच्या भिंतींच्या भेगा चुन्यासिमेंटानें बुजविल्या पाहिजेत. औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच घ्यावें. तें विषारी असतें, आणि दूध किती दिवस वापरूं नये हेंही त्यांनाच विचारावें.

गोचीड नखांत चिरडण्याची जी जुनी संवय, ती सोडावी. जानेवारी २०११ मध्यें अहमदाबादजवळच्या कोलाट गांवीं क्रिमियन-काँगो नांवाचा रक्तस्रावी ताप उद्भवला. तो गोचिडांपासून व जनावरांच्या रक्तापासून मनुष्यास जडतो. अंगास चिकटलेला गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा, रॉकेल ओतूं नये, चटका देऊं नये. जागा साबणानें धुवावी, आणि पुढें आठपंधरा दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांस ती गोष्ट आवर्जून सांगावी.

राहतां राहिला कूलर. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो व त्या कोरड्या आंचेनें बाहेर डांस फारसे तग धरीत नाहींत. त्यांना गारवा आणि पाणी आम्हीच घरांत पुरवितों. आठवड्यास एकदां टाकी पूर्ण उपसून घासावी. पावसाळ्यांत बंद करून ठेवतांना तळ पुसून कोरडा करावा आणि जुना वाळा काढून जाळून टाकावा; आम्ही तो गच्चीवर ठेवीत असूं. मातोश्रींचें उखळ आतां वाळूनें काठोकाठ भरलें असून त्यांत सूनबाईंनीं झेंडू लावला आहे.