मेमरी कार्डातली ओवी वाजत का नाही?

टेपरेकॉर्डरने विदर्भातल्या गावांना गाणी ऐकवली, पण घरच्याच माणसांचा आवाज टिपून ठेवायची सवय लावली ती बटनांच्या मोबाइलने. यवतमाळ जिल्ह्यातलं राळेगावही त्याला अपवाद नाही. २०१० च्या आसपासचे नोकियाचे किंवा चिनी बनावटीचे फोन आठवा. लग्नातली हळदीची गाणी, गुरुदेव सेवा मंडळाची खंजिरी भजनं, कोलाम आदिवासींच्या पोडावरचं म्हणजे वस्तीवरचं गाणं, आजीने जातं नसतानाही म्हणून दाखवलेली ओवी, असं सगळं त्या फोनच्या ‘रेकॉर्डर’मध्ये जमा होत गेलं. पुढे फोन गेला आणि कार्ड राहिलं. आता ते कार्ड संगणकाला जोडलं की फाइली दिसतात, त्यांचा आकारही दिसतो, पण वाजवायला गेलं तर आवाज निघत नाही. फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एएमआर’ किंवा ‘३जीपी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

अशा वेळी कार्ड खराब झालं असं समजून ते फेकून देणारे पुष्कळ असतात. खरं तर अनेकदा कार्ड ठणठणीत असतं. फाइल कोणत्या पद्धतीने लिहिली आहे हे नव्या यंत्राला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीला ही अडचण नव्हती. एक उदाहरण घ्या. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा आहे. १९०५ साली निघालेल्या या खंडात वऱ्हाडी आणि नागपुरी बोलींचे नमुने छापले आहेत. पुढे १९१३ ते १९२९ या काळात याच सर्वेक्षणासाठी भारतातल्या अनेक भाषा ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित झाल्या. तबकडीवरची खाच म्हणजे आवाजाच्या लहरीचाच आकार. सुई त्या खाचेतून फिरली की कंपनं होतात आणि आवाज येतो. म्हणून अनेक दशकांनंतरही त्या तबकड्या वाजल्या आणि त्यांच्या डिजिटल प्रती निघू शकल्या. डिजिटल फाइलीत असा आकार नसतो. तिच्यात आकडे असतात आणि त्या आकड्यांपासून आवाज कसा उभा करायचा याचा एक करार असतो. या कराराला कोडेक म्हणतात. तो ठाऊक नसलेल्या यंत्राला फाइल म्हणजे नुसती आकड्यांची रांग.

एएमआरचा करार तसा हुशारीने केलेला आहे. १९९९ मध्ये मोबाइलवरच्या संभाषणासाठी तो प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. यात सेकंदाला ८,००० वेळा आवाजाचं माप घेतलं जातं आणि त्या मापांचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात. प्रत्येक तुकड्यातली १६० मापं जशीच्या तशी न साठवता, माणसाचा घसा आणि तोंड ही हवेची नळी आहे असं धरून त्या नळीचं गणिती वर्णन साठवलं जातं. सर्वांत चांगल्या दर्जातही एका तुकड्याला फक्त २४४ बिट लागतात. त्यामुळे मिनिटभराचं बोलणं सुमारे ९२ किलोबाइटमध्ये मावतं. ऑडिओ सीडीला तेवढ्याच वेळासाठी दहा मेगाबाइटपेक्षा जास्त जागा लागते.

या काटकसरीची किंमतही मोजावी लागते. ४,००० हर्ट्‌झच्या वरचा आवाज या पद्धतीत राहूच शकत नाही, आणि ‘स’चा सळसळाट बराचसा त्याच्याच वर असतो. म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांत गल्लत होते. ‘चमचा’मधला दंततालव्य ‘च’ही बोथट ऐकू येतो. शिवाय गणित मानवी गळ्याचं असल्यामुळे ओवी बऱ्यापैकी उतरते, पण खंजिरीच्या चकत्या आणि टाळ गळ्यातून निघत नसल्याने चिरफाळल्यासारखे वाजतात.

इथे आणखी एक घोळ होतो. फाइलीच्या नावाची शेपटी म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, आतला पदार्थ नव्हे. ‘३जीपी’ हा असाच एक डबा आहे. त्यात एएमआर असू शकतं, तसंच एएसी नावाची निराळी पद्धतही असू शकते. नाव बदलून शेवटी ‘एमपी३’ लिहिलं तर चिठ्ठी बदलते, फाइल मात्र होती तशीच राहते.

खरं रूपांतर दोन टप्प्यांत होतं. आधी जुन्या कराराप्रमाणे फाइल उलगडून मापांची सरळ रांग तयार होते. मग नव्या कराराप्रमाणे ती पुन्हा बांधली जाते. त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलेलं व्हीएलसी, २००० साली सुरू झालेलं एफएफएमपेग आणि त्याच वर्षी आलेलं ऑडेसिटी ही तिन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. व्हीएलसी एएमआर थेट वाजवतं, त्यामुळे फाइल शाबूत आहे की नाही ते रूपांतराआधीच कळतं.

रूपांतर कशात करायचं? घरगुती ऐकण्यासाठी उत्तर अजूनही एमपी३ हेच आहे. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत ही पद्धत विकसित झाली आणि जुलै १९९५ मध्ये तिथल्या संशोधकांनी फाइलीसाठी हे नाव ठरवलं. एएसी आणि ओपस या नंतरच्या पद्धती कमी जागेत जास्त चांगला आवाज देतात. व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेज ओपसमध्येच असतो. तरीही बसस्टँडजवळच्या दुकानात गाणी भरून घेतलेला पेन ड्राइव्ह ज्यांना लावतात, त्या ट्रॅक्टरवरच्या म्युझिक सिस्टिमला आणि मंडळाच्या ट्रॉली स्पीकरला हमखास समजणारी भाषा एमपी३ची आहे. २०१७ मध्ये फ्राउनहोफरने एमपी३चा परवाना कार्यक्रम बंद केला, त्यामुळे पेटंटच्या परवान्याचीही अडचण उरली नाही.

मात्र एमपी३ही आवाजातलं काही टाकून देतंच. मोठ्या आवाजाच्या आड त्याच्या जवळचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकू येत नाही, याचा फायदा घेऊन ते बारीक आवाज ढोबळपणे नोंदवले जातात. शांततेत अचानक खंजिरीवर थाप पडली, की या ढोबळपणाची खरखर थापेच्या किंचित आधीच उमटते. या दोषाची परीक्षा घेण्यासाठी अभियंते कॅस्टनेट नावाचं स्पेनचं टकटक वाजणारं वाद्य वापरतात. वऱ्हाडातल्या भजनाने त्यांचं काम तेवढंच चोख झालं असतं.

म्हणूनच एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी मालिका लावू नये. प्रत्येक बांधणीत थोडं गळतं आणि गळलेलं परत येत नाही. एएमआरची फाइल ६४ किलोबिटच्या एमपी३मध्ये बदलली तर ती जवळपास पाचपट मोठी होते, पण तिच्यात एकही नवा स्वर येत नाही. मूळ फाइल सांभाळून ठेवायची आणि लागेल ती प्रत प्रत्येक वेळी त्या मूळ फाइलीवरूनच काढायची. जुना फोन नव्या फोनसमोर धरून आवाज पुन्हा मुद्रित करणं ही त्यातली सर्वांत वाईट तऱ्हा. नवा फोन गोंगाट कमी करण्याच्या नादात लांबवलेला सूरच गोंगाट समजून दाबू शकतो.

एक बारीक खोच रूपांतर करताना लक्षात ठेवावी. सॉफ्टवेअर कधी कधी ८,००० मापांचा मूळ वेग तसाच ठेवून एमपी३ बनवतं. हा वेग एमपी३च्या मूळ प्रमाणात नव्हता, नंतरच्या अनधिकृत जोडणीतून आला. म्हणून काही साधे प्लेअर अशी फाइल नाकारतात. मापांचा वेग ४४,१०० आणि चॅनल ‘मोनो’ निवडलं की हा अडथळा दूर होतो. पेन ड्राइव्हही ‘फॅट३२’ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण जुन्या स्पीकरला बहुधा तीच पद्धत वाचता येते.

आवाज जपण्याचं मोठं मराठी उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुण्यात तो उभा केला. महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीत-संशोधकाच्या सहभागाने १९९० च्या दशकात त्यांतल्या सुमारे १२० तासांच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, आणि २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या इंटरनेटवर आणल्या. या संग्रहात फक्त आवाज नाही. ओवी कुणी गायली, कोणत्या गावात गायली, तिचे शब्द काय, हे सगळं सोबत नोंदलेलं आहे. त्यामुळेच लाखभर ओव्यांतून हवी ती शोधता येते.

घरच्या कार्डात अशी नोंद नसते. तिथे ‘रेकॉर्डिंग ०१२’ एवढंच असतं आणि रूपांतर केल्यावर नव्या फाइलीवर बहुधा आजची तारीख पडते. एमपी३मध्ये माहिती लिहायची सोय आहे, पण तिच्या सर्वांत जुन्या आवृत्तीत गाण्याच्या नावाला अवघे ३० बाइट मिळतात. युटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना-मात्राही वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात, त्यामुळे दहा चिन्हांत जागा संपते. बरेच स्वस्त प्लेअर तर देवनागरीऐवजी चौकोनच दाखवतात. म्हणून फाइलीला साधा क्रमांक द्यावा, आणि गाणाऱ्याचं नाव, गाव, साल व प्रसंग वहीत किंवा तक्त्यात मराठीत लिहावा. शंभर फाइलींचं रूपांतर साधा लॅपटॉप काही मिनिटांत उरकतो. आवाज ओळखणाऱ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून नावं लिहायला मात्र दोन-तीन दुपारी जातात. कामाची सुरुवात तिथूनच केलेली बरी.