मंदीत तालमीचा धंदा : औरंगपुऱ्यात मांडता येईल का?

मंदी आली की मालक पहिली कात्री कुठे लावतो, हे व्यापारी बांधवांना सांगायला नको. दुकानाची पाटी रंगवायची राहते, पोराची पगारवाढ लांबते आणि शिकण्या-शिकवण्याचा खर्च तर वहीतून सरळ खोडला जातो. अशा वेळी कोणी म्हणाले की आम्ही औरंगपुऱ्यात खोली घेऊन निरनिराळ्या जाती-धर्मांच्या आणि भाषांच्या माणसांना एका छताखाली काम करायला शिकवणार, शिवाय कामात नवे काही काढायलाही शिकवणार, तर ऐकणारा हसेल. मोठ्या कंपन्या या कामाला डायव्हर्सिटी आणि इनोव्हेशन ट्रेनिंग म्हणतात. मराठीत तालीम म्हणजे आखाडा, उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. या धंद्यात दोन्ही लागते. आमचे म्हणणे एवढेच, की हसण्याआधी हिशेब मांडून पाहावा.

२०२० चे साल आठवा. मार्चमध्ये अजिंठा, वेरूळ आणि बिबी का मकबरा बंद झाले. २५ मार्चपासून सगळा देशच बंद झाला. पर्यटकांवर चालणारी हिमरूची दुकाने, गाइड, टॅक्सीवाले, मकबऱ्याबाहेरचे विक्रेते यांचा गल्ला एका आठवड्यात शून्यावर आला. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. ती माणसे जालन्याच्या पोलाद कारखान्यातली, मध्य प्रदेशाकडे पायी निघालेली होती. पुढे वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचे कारखाने उघडू लागले तेव्हा यंत्रे जागेवर होती, पण गावी गेलेले हात सगळे परतले नव्हते. नवे हात आले ते वेगळ्या गावचे, वेगळ्या बोलीचे. फोरमन एक सांगतो, पोरगा दुसरेच ऐकतो आणि माल परत येतो. हे नुकसान मालकाला दिसते, पण त्याचे औषध कुठल्या दुकानात मिळते ते त्याला माहीत नसते. तालमीच्या धंद्याचे गिऱ्हाईक ते हेच.

आता प्रश्न असा, की औषध लागू पडते का? अमेरिकेत हा धंदा जुना आहे. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या दोन समाजशास्त्रज्ञांनी ८०० हून अधिक कंपन्यांची तीस वर्षांहून जास्त काळाची माहिती तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष मांडले. व्यवस्थापकांना सक्तीने वर्गात बसवणाऱ्या कंपन्यांत पाच वर्षांनंतर व्यवस्थापकपदांवरील काळ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले तर नाहीच, सरासरी ९ टक्क्यांनी घटले. माणसाला जबरदस्तीने चांगुलपणा शिकवू गेले की तो उलटा फिरतो. फायदा झाला तो जिथे अनुभवी माणसाच्या हाताखाली नवखा सोपवला, किंवा वेगवेगळ्या विभागांच्या माणसांना एकाच कामाला जुंपले तिथे. २०२० च्या मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला, त्यानंतर या तालमीची मागणी एकदम वाढली होती. जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी सरकारी खात्यांतले असे कार्यक्रम हुकूम काढून बंद केले. तेव्हा अमेरिकेचा शब्द पाटीवर लिहून औरंगपुऱ्यात गिऱ्हाईक येईल, या भ्रमात कोणी राहू नये.

पण अनुभवी हाताखाली नवखा सोपवायचा, ही रीत आपल्याला अमेरिकेने शिकवावी लागत नाही. उस्ताद आणि शागीर्द हेच तर आपल्या कारखान्याचे नाते. हिमरूचेच पाहा. ताणा सुती, बाणा रेशमी, दिसायला किनखापाच्या जवळ आणि किमतीला हलका. नवकल्पना म्हणतात ती आणखी काय असते? महंमद तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला राजधानी हलवली तेव्हा विणकर इकडे आले, असे परंपरेने सांगितले जाते. निजामाच्या राज्यात अमीर-उमरावांच्या शेरवान्यांना हिमरू लागे. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, दरबार गेला, त्याबरोबर मोठे गिऱ्हाईक गेले. पुढे यंत्रमागाच्या नकलेने उरलेला भाव पाडला. आज हातमागावरचा हिमरू मोजक्या घरांत उरला आहे, आणि उस्तादाचा मुलगा मागावर बसण्यापेक्षा वाळूजला ड्यूटी पकडणे पसंत करतो. त्याला दोष कसा द्यावा?

पन्नास किलोमीटरवरच्या पैठणची गोष्ट निराळी झाली. पैठणीचीही हीच गत होऊ घातली होती. तिथे महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळाचे केंद्र चालते. माग घराण्याच्या चार भिंतींतून बाहेर आला, बाया-मुली शिकल्या आणि विणकर झाल्या. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. सरकारी केंद्रांची रडगाणी आम्हालाही ठाऊक आहेत, पण मुद्दा लक्षात घ्या : ज्या हुनराचे दार नव्या माणसांना उघडले त्याला हात मिळाले, ज्याचे दार घरापुरते राहिले त्याचे माग धूळ खात पडले. हिमरूचे उस्ताद आज आहेत. दहा वर्षांनी शिकवायला कोण असेल? आमच्या लेखी या धंद्यात खरोखर पणाला लागलेली गोष्ट ती आहे, खोलीचे भाडे नव्हे.

माणसांना एकत्र बसवण्याने धंदा कसा वाचतो, याचा आपल्या राज्यातला दाखला भिवंडीचा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत यंत्रमागांचे हे गाव होरपळले होते. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुसलमान, मागवाले आणि दुकानदार शांततेच्या दिवसांतच नेमाने एकत्र बसू लागले, बारीकसारीक तंटे तिथेच मिटू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. कोणी व्याख्यान दिले नव्हते, सवय लावली होती.

तेव्हा औरंगपुऱ्यातल्या धंद्याने विकायचे काय? आमचे मत : भाषण विकू नये, मागावरचा दिवस विकावा. कारखान्यातून आठ-दहा माणसे यावीत, त्यात स्टोअरचा, लाइनचा, हिशेबाचा, एक-दोन बाया, एखादा बिहारी, एखादा पैठणकडचा. उस्तादाने त्यांच्याकडून चार इंच कापड विणून घ्यावे. धागा कुणामुळे तुटला, कोणी कोणाला विचारले नाही, कोणाला सांगितलेले कळले नाही, हे मागच दाखवतो. मग त्याच माणसांना त्यांच्याच कारखान्यातली एक अडचण द्यावी आणि महिन्याने विचारायला जावे, काय फरक पडला? जो फरक दाखवील त्याला दुसरी ऑर्डर मिळेल. कागजीपुऱ्याच्या हातकागदावरही असाच दिवस बसवता येईल.

कायद्यानेही थोडे गिऱ्हाईक तयार करून ठेवले आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती नेमावी लागते. समितीची अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. कर्मचाऱ्यांसाठी जागृतीचे वर्ग घेणे हेही मालकाचे काम आहे. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. अनेक लहान मालकांना हे माहीतच नसते, आपल्याही माहीत नसते. आपल्या घरातल्या शिकलेल्या मुलींनी, वकील भगिनींनी या कामाकडे पाहावे.

आता पैसा. औरंगपुऱ्यात आणि आसपास क्लासच्या पाट्यांना तोटा नाही. सकाळ-संध्याकाळ जिने पोरांनी भरलेले, दुपारी खोल्या बऱ्याचदा रिकाम्या. तेव्हा डिपॉझिट भरून स्वतःची जागा घेण्याचा शौक पहिल्या वर्षी करू नये, दुपारचे चार तास भाड्याने घ्यावेत. समजा २० माणसांचा वर्ग, माणशी ६०० रुपये, म्हणजे १२ हजार जमा. खोली १,५००, उस्तादाचे मानधन ३,०००, दुसरा शिकवणारा २,५००, चहा-नाश्ता २,०००, धागा, कागद, जाणे-येणे १,०००. खर्च १० हजार, उरले २ हजार. हे बाजारभाव नव्हेत, हिशेबाची रीत आहे. आपापले आकडे घालून पाहावेत. महिन्याला सहा वर्ग झाले तर १२ हजार सुटतात. पण कंपनीने तीन महिन्यांनी बिल दिले तर? तेवढ्यात आपल्या खिशातले १ लाख ८० हजार बाहेर गेलेले असतात आणि वहीत नफा दिसतो ३६ हजार! हा धंदा बुडाला तर गिऱ्हाईक नसल्याने नव्हे, उधारीने बुडेल. निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय वर्ग ठरवू नये.

कारागिराकडून फी घ्यावी का, असा प्रश्न येईल. आमचे उत्तर साफ नाही असे आहे. शिकायला आलेल्या कारागिराची त्या दिवसाची मजुरी बुडते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन ठेवले ते त्यामुळेच. मात्र तिच्या १८ व्यवसायांत शिंपी, लोहार, सुतार आहेत, हिमरू विणणारा नाही. म्हणून फी कंपनीने द्यावी, आणि कारागीर वर्गात येईल तो मानधन घेऊन, उस्ताद म्हणून.

उधारीवर एक कायदेशीर उपाय आहे, तो आपल्या लोकांना फारसा ठाऊक नसतो. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसला तर १५ दिवसांत चुकवावे लागते. त्यात भर म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या तरतुदीने मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही. वर्षअखेरीला कंपनीचा अकाउंटंट त्यामुळे स्वतःहून फोन करतो. इथे व्यापारी बांधवांनी एक फरक ध्यानात घ्यावा. जुलै २०२१ मध्ये घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकेच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरती. बिलाच्या मुदतीचे संरक्षण त्यांना नाही. तालीम देणे मात्र सेवा आहे, म्हणून ते संरक्षण मिळते. कापडाचे दुकान आणि तालमीचा वर्ग एकाच नावावर चालवायचा असेल तर नोंदणीत सेवेचा व्यवसाय वेगळा दाखवावा, आणि तो आधी आपल्या सीएला विचारून दाखवावा.

ही उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून, ऐन संकटातच, सुरू झाली. ती आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट भेटतील, त्यांना एक पैसाही देऊ नये. नोंदणीचा क्रमांक पहिल्या बिलापासून बिलावर छापून घ्यावा, नाहीतर कंपनीला तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात हे कळणार कसे?