अतिभोजन : अधाशीपणा नव्हे, दुखणे

१९७२च्या दुष्काळाच्या कथा ऐकत आमची पिढी मराठवाड्यात वाढली. पानात काही टाकू नये, हा संस्कार त्या भुकेनेच दिला. म्हणूनच एका विद्यार्थ्याच्या पेटीत लपवलेल्या भाकरी सापडल्या, तेव्हा आम्ही त्याला चारचौघांत ‘अधाशी’ म्हटले. त्याची खंत आजही वाटते.

थोड्या वेळात अतोनात खाणे, थांबू म्हटले तरी न थांबता येणे आणि मग लाजेने ते लपवणे, असे वारंवार घडत असेल तर तो आजार असू शकतो. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. उपासमार हे त्यामागचे एक कारण असू शकते. १९४४-४५ साली मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले. पुढे पुरेसे अन्न मिळू लागल्यावरही त्यांतील कित्येकांना खाणे आवरेना.

ऑक्सफर्डचे डॉ. क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी १९९५ साली या आजारासाठी स्वमदतीचा क्रम मांडला. काय, केव्हा आणि कोणत्या मनःस्थितीत खाल्ले, हे वहीत लगेच लिहावे. तीन जेवणे आणि दोन-तीन वेळा अल्पोपाहार ठरल्या वेळी घ्यावा. सहसा चार तासांहून अधिक काळ उपाशी राहू नये. अतिभोजन घडले तरी पुढचे जेवण चुकवू नये, कारण उपवासातून पुन्हा तीच ओढ जन्मते. ओढ लागली की फेरफटका मारावा, मित्राशी बोलावे. ती हळूहळू ओसरते.

यात सोबत्याचे साहाय्य मोलाचे असते. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलनरेश पसेनदी अतिभोजनाने धापा टाकत भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला रागावत नाहीत. मात्रा जाणून जेवण्याचा उपदेश करतात. सुदस्सन नावाचा तरुण राजाच्या जेवणाच्या वेळी त्या उपदेशाचे स्मरण देतो आणि राजाचा आहार क्रमाक्रमाने बेताचा होतो.

मात्र मुलांच्या बाबतीत, तसेच उलट्या काढणे, मधुमेह किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार असल्यास केवळ स्वमदतीवर विसंबू नये. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

पालकहो, पेटीत भाकरी सापडली तर आम्ही केले ते करू नका. मुलाला जवळ बसवून आधी विचारा, “बाळा, काय होतंय?”