जुना लॅपटॉप भंगारात देऊ नका. लिनक्सवर तोच चालेल, तोही झोकात!

रामाकोना : बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना मध्य प्रदेश सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देते. काही वर्षांपूर्वी त्या पैशातून घेतलेली मशीन आज रखडत असेल. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. मग मशीन फेकायची काय? अजिबात नाही.

लिनक्स मिंट फुकट मिळते. त्याला किमान २ जीबी रॅम लागते. ४ जीबी असली तर काम सुखाने होते. त्याच्या 'मेट' आवृत्तीत डेस्कटॉप सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्पिझ' निवडता येते. २००६ मध्ये आलेल्या या प्रोग्रामने खिडक्या हलवताना थरथरतात आणि डेस्कटॉप चौकोनी डब्यासारखा फिरतो.

जुन्या मशीनला हे झेपते कसे? कॉम्पिझ प्रत्येक खिडकीचे चित्र वेगळे ठेवतो आणि ती चित्रे जोडून पडदा तयार करायचे काम ग्राफिक्स चिपवर सोपवतो. दहा वर्षांपूर्वीच्या इंटेल चिपलाही तेवढे जमते. पण चिपचा ड्रायव्हर नीट बसला नसेल, तर हा सगळा भार प्रोसेसरवर येतो. सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्सपुढे 'एलएलव्हीएमपाइप' दिसले, की समजा हेच झाले आहे. अशा वेळी इफेक्ट बंदच ठेवा.

सगळे इफेक्ट एकदम लावू नका. धूसर पारदर्शकता, म्हणजे 'ब्लर', सगळ्यात जड. सावली आणि थरथर त्यामानाने हलकी. एकेक लावून बघा. व्हिडिओ अडखळला किंवा पंखा सारखा घरघरला, तर शेवटचा लावलेला काढा. बॅटरी जुनी असेल आणि लाइट गेली असेल, तेव्हा बंद केलेलेच बरे.

मशीन हळू चालण्याचा दोष मात्र दरवेळी इफेक्टचा नसतो. रॅम बहुतेक ब्राउझरच्या टॅब खातात आणि जुनी फिरती हार्ड डिस्क वेळ खाते. खर्च करायचाच असेल, तर आधी एसएसडी टाका. फरक लगेच कळतो.

मिंट टाकण्याआधी फोटो, मार्कशीट, जमिनीचे कागद दुसरीकडे कॉपी करा. पूर्ण डिस्कवर मिंट टाकले, तर जुने सगळे पुसले जाते. आधी ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवरून नुसते चालवून बघा. वायफाय, आवाज, कॅमेरा चालतो का ते तपासा. पेन ड्राइव्हवर ते थोडे हळू चालेल, त्याने घाबरू नका. ऑफिसच्या कामाला लागणारे एखादे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर दुसरी सोय झाल्याशिवाय बदल करू नका.

आणखी एक फायदा. मिंटची भाषा मराठी ठेवता येते आणि इन्स्क्रिप्ट कीबोर्डही त्यात आहे. शाळेत हिंदी आणि घरात मराठी असलेल्या आपल्या सीमाभागातल्या पोरांना एकाच मशीनवर दोन्ही भाषा लिहिता येतील.