ओमेगा साय फाय : एका कृष्णवर्णीय विद्यार्थी-बंधुसंघाची स्थापना व परंपरा

प्रस्तावना

अमेरिकन विद्यापीठांतील 'फ्रॅटर्निटी', म्हणजे विद्यार्थ्यांचा बंधुसंघ, आपल्याकडील वाचकास बहुधा चित्रपटांतूनच परिचित असतो. ग्रीक अक्षरांची नावे, गुप्त विधी आणि मेजवान्या एवढेच त्याचे रूप आपल्या मनात असते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उभारलेल्या बंधुसंघांस हे चित्र अपुरे पडते. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' खटल्यात वर्णविभाजन घटनासंमत ठरविले होते. गौरवर्णीयांच्या बंधुसंघांत कृष्णवर्णीयांस प्रवेश नव्हता. १९०६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील सात विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा स्थापन केली, ती या परिस्थितीत. प्रस्तुत लेखात मात्र त्यानंतरच्या ओमेगा साय फाय या संघाचा विचार केला आहे. कृष्णवर्णीयांसाठीच्या विद्यापीठात जन्मलेला हा पुरुषांचा पहिला बंधुसंघ होय, आणि त्याच्या संस्थापकांत एक अध्यापक आहे.

स्थापना

वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात १७ नोव्हेंबर १९११ रोजी एडगर लव्ह, ऑस्कर कूपर आणि फ्रँक कोलमन हे तीन विद्यार्थी विज्ञान इमारतीतील अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांच्या कार्यालयात एकत्र आले. जस्ट त्या वेळी अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते. १९०७ साली डार्टमथ महाविद्यालयातून पदवी घेऊन ते हॉवर्डमध्ये प्रथम इंग्रजी व पुढे प्राणिशास्त्र शिकवू लागले होते. त्यांची डॉक्टरेट अद्याप व्हावयाची होती. ती शिकागो विद्यापीठाने १९१६ मध्ये दिली. म्हणजे विद्यार्थ्यांनी मार्गदर्शक म्हणून निवडलेला हा गृहस्थ कोणी वजनदार विभागप्रमुख नव्हता, तर नुकताच स्थिरावू पाहणारा तरुण अध्यापक होता. ही बाब प्रस्तुत लेखकास विशेष महत्त्वाची वाटते.

विद्यापीठ प्रशासनाने या संघास राष्ट्रीय संघटना म्हणून मान्यता देण्याचे प्रारंभी नाकारले आणि केवळ स्थानिक मंडळ म्हणून राहण्याची सवलत देऊ केली. संस्थापकांना ती पुरेशी वाटली नाही. पुढे मान्यता मिळाली, १९१४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठात दुसरी शाखा निघाली आणि त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला संघाची कायदेशीर नोंदणी झाली. कूपर पुढे वैद्य झाले, कोलमन भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि लव्ह मेथॉडिस्ट चर्चचे बिशप.

जस्ट यांचा मार्ग अधिक खडतर होता. सागरी प्राण्यांच्या अंड्यांचे फलन हा त्यांच्या संशोधनाचा विषय. वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत त्यांनी अनेक उन्हाळे काम केले, १९१५ सालचे पहिले स्पिंगार्न पदक त्यांना मिळाले. तथापि अमेरिकेतील एकाही मोठ्या संशोधन विद्यापीठाने त्यांना आपल्याकडे पद दिले नाही. अखेरची काही वर्षे त्यांना संशोधनासाठी युरोपात राहावे लागले.

परंपरा

पौरुष, विद्वत्ता, चिकाटी आणि उन्नयन ही संघाची चार तत्त्वे होत. यांतील 'पौरुष' हा शब्द आज खटकेल. परंतु ज्या समाजात प्रौढ कृष्णवर्णीय पुरुषास सर्रास 'पोरा' म्हणून हाक मारली जाई, तेथे तो स्वाभिमानाचा पर्याय होता. जांभळा व सोनेरी हे संघाचे रंग. संघगीत चार्ल्स ड्रू आणि मर्सर कुक या सदस्यांनी रचले; हेच ड्रू पुढे रक्तपेढीच्या कार्यासाठी जगप्रसिद्ध झाले. तालावर पावले आपटीत केले जाणारे 'स्टेप' नृत्य ही या सर्वच कृष्णवर्णीय बंधुसंघांची ओळख आहे.

या परंपरांत एक काळी बाजूही आहे. नवप्रवेशितांचा छळ, ज्यास आपण रॅगिंग म्हणतो, येथेही झाला आणि त्यात तरुणांचे प्राण गेले. १९९० मध्ये कृष्णवर्णीय बंधुसंघांनी व भगिनीसंघांनी मिळून उमेदवारीची जुनी पद्धत रद्द केली; तरीही चोरून चालणारे प्रकार थांबले नाहीत. बंधुत्वासाठी अपमान सोसावा लागतो ही समजूत संस्थापकांच्या चार तत्त्वांत कोठेही बसत नाही.

भारताशी, किंबहुना विदर्भाशी, या संघाचा एक धागा जुळतो. संघाचे सदस्य आणि हॉवर्डच्या धर्मशास्त्र विभागाचे अधिष्ठाता बेंजामिन मेज १९३६-३७ च्या हिवाळ्यात वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. मोरहाउस महाविद्यालयाचे अध्यक्ष असताना त्यांचा ज्या विद्यार्थ्यावर खोल प्रभाव पडला, तो मार्टिन ल्यूथर किंग.

इतिहास-सप्ताह

संघाचे सर्वांत दूरगामी कार्य मात्र इतिहासाच्या क्षेत्रात घडले. इतिहासकार कार्टर वुडसन हे संघाचे सदस्य. कृष्णवर्णीयांचा इतिहास विद्वानांच्या नियतकालिकांतून सामान्य जनांपर्यंत न्यावा, असे आवाहन त्यांनी १९२० मध्ये आपल्या संघबंधूंना केले. त्यास प्रतिसाद म्हणून १९२४ मध्ये संघाने इतिहास व साहित्य सप्ताह सुरू केला. पुढे तो 'कर्तृत्व सप्ताह' झाला. हे कार्य अधिक व्यापक व्हावे म्हणून वुडसन यांनी १९२६ च्या फेब्रुवारीत आपल्या संस्थेमार्फत 'नीग्रो इतिहास सप्ताह' साजरा केला. अब्राहम लिंकन व फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंत्या येतात, तोच आठवडा त्यांनी निवडला. १९७६ मध्ये या सप्ताहाचा महिना झाला आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्याची दखल घेतली. संघाचा स्वतःचा कर्तृत्व सप्ताह मात्र स्थापनेच्या महिन्यात, नोव्हेंबरमध्येच पाळला जातो. शालेय विद्यार्थ्यांची निबंधस्पर्धा हा त्याचा एक जुना भाग आहे.